‘मनावर घेतलं की सुटते’ हे वाचून

मा. संपादक,
सनविवि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर सिगरेट सोडण्याबद्दल पत्रं आली होती. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की त्यांनी एका सकाळी मनावर घेतलं, पाकीट चुरगाळून फेकलं आणि आजतागायत हात लावला नाही, आणि दुसऱ्या पत्रात होतं की हे सोडण्यासाठीचे निकोटिनचे गम, पट्ट्या, गोळ्या म्हणजे सगळे कंपन्यांचे धंदे, खरं औषध एकच, इच्छाशक्ती. दोघांचंही अभिनंदन, खोटं सांगत नाही, सिगरेट सोडलेल्या कुठल्याही माणसाबद्दल मला आदरच आहे. पण ती पत्रं वाचून माझी चिडचिड झाली, का ते सांगतो, पत्र लांबणार आहे, वाटेल तिथे कात्री लावा.

मी २३ वर्षं सिगरेट ओढली. दिवसाला पंधरा-सोळा, टेन्शन असलं की वीस. सोडली पाच वेळा. त्यातली चार वेळा परत धरली, आणि पाचव्यांदा सोडली त्याला आता सहा वर्षं झाली, ती अजून सुटलेली आहे. म्हणजे तुमच्या पत्रलेखकांच्या हिशोबाने मी चार वेळा नालायक आणि एकदा लायक. पण पाचही वेळा माणूस तोच होता, आणि इच्छाशक्ती म्हणाल तर ती पहिल्या वेळी सगळ्यात जास्त होती, पाचव्यापर्यंत पार झिजून गेली होती. बदलली ती पद्धत. मला एवढंच म्हणायचंय, बाकी सगळं त्याचं पुराण.

आधी एक आकडा. औषध नाही, कुणाची मदत नाही, नुसतं ठरवून सोडली, अशा १०० प्रयत्नांतले सहा महिने ते वर्षभरानंतर टिकलेले साधारण ३ ते ५ असतात. ते तिघं-चौघं पेपरला पत्र लिहितात. उरलेले पंच्याण्णव कशाला लिहितील, ते खाली लिफ्टजवळ उभे राहून एकमेकांना लायटर देत असतात. आता एक कबूल करायला पाहिजे की जगात आजवर ज्यांची सुटली त्यातल्या बहुतेकांची अशीच सुटलीये, स्वतःच्या बळावर. पण ते त्या वाटेने जाणारे प्रचंड आहेत म्हणून. हजार जण परीक्षेला बसले तर चाळीस पास होणारच, त्यावरून पेपर सोपा होता असं कुणी म्हणत नाही.

आणि सगळा खेळ मनाचाच आहे असं वाटणाऱ्यांसाठी अजून एक. २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, मेंदूला इजा झालेल्या सिगरेट ओढणाऱ्यांवरचा. त्यात ज्यांच्या मेंदूतल्या ‘इन्सुला’ नावाच्या भागाला मार बसला होता त्यातल्या बऱ्याच जणांची तलफच गेली, प्रयत्न नाही, निर्धार नाही, काही नाही. एक पेशंट म्हणाला की माझं शरीर ओढायचं विसरूनच गेलं. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं, म्हणजे मेंदूत कुठेतरी खरोखर एक जागा आहे जी मला गच्चीवर ओढत नेते, मी नुसता लेचापेचा नाहीये.

असो. पहिल्यांदा सोडली ती मुलगी झाली तेव्हा. झटक्यात. पाकीट, लायटर, ॲशट्रे सगळं कचऱ्यात. पहिला दिवस हिरोसारखा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं जड, कशात लक्ष लागेना, रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात एका बिचाऱ्या नवीन मुलावर असा ओरडलो की मलाच लाज वाटली, आणि त्याच संध्याकाळी एक पेटवली, म्हटलं असं राक्षस होऊन जगण्यापेक्षा ओढलेली बरी. आता मला कळतंय की मी केलं काय. निकोटिन बंद झाल्यावरचा सगळ्यात वाईट काळ दुसरा-तिसरा दिवस असतो, तिथून पुढे उतार लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. म्हणजे घाट संपत आला होता आणि मी शेवटच्या वळणावरून गाडी मागे वळवली. कुणी जर आधी सांगितलं असतं ना की बाबा रे तिसरा दिवस घाण असतो, सुट्टी टाक, कुणाशी बोलू नकोस, तर कदाचित निभावलं असतं. पण मला सगळे फक्त ‘शाब्बास’ म्हणत होते.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला, म्हटलं हळूहळू कमी करू. दर आठवड्याला दोन कमी, कॅलेंडरवर आकडे लिहिलेले. सोळावरून आठवर आलो, तिथे गाडी अडली ती अडलीच. कारण सोपं आहे. शरीराला निकोटिन मोजून लागतं, सिगरेटी मोजून नाही. आठ ओढायचो पण प्रत्येक कशी, खोल झुरका, छातीत धरून ठेवायचा, फिल्टर गरम होईपर्यंत शेवटचा कश. लाईट सिगरेटचंही हेच, त्यांच्या फिल्टरला बारीक भोकं असतात म्हणून मशीनवर मोजल्यावर टार, म्हणजे धुरातली चिकट काळी घाण, कमी दिसतं, माणूस नकळत बोटांनी नाहीतर ओठांनी ती भोकं झाकतो आणि जोरात ओढतो, सगळा हिशोब परत जिथल्या तिथे. आणि कमी केल्यावर उरलेल्या आठांची किंमत मनात इतकी वाढते की दिवसभर घड्याळाकडे बघत पुढच्या सिगरेटची वाट बघायची, याला सोडणं म्हणायचं का.

२०१६ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, ६९७ लोकांचा. अर्ध्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम बंद केली, अर्ध्यांनी आधी दोन आठवडे कमी करत आणून त्याच दिवशी बंद केली. मदत आणि निकोटिनच्या पट्ट्या दोघांनाही होत्या. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांतले ३९. सहा महिन्यांनी २२ आणि साडेपंधरा. म्हणजे हळूहळूवालेही अगदीच वाया गेले नाहीत हे लक्षात घ्या, पण त्यांना शेवटची तारीख ठरवून दिली होती. माझ्या कॅलेंडरवर सगळं होतं, फक्त शून्याची तारीख नव्हती.

मग तिसऱ्यांदा निकोटिनची गम. यात मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला आणि मला वाटतं दहातले आठ जण हाच करत असतील म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेडिकलमधून आणली, तोंडात टाकली आणि च्युइंगम चघळतात तशी कचाकचा चघळली. दोन मिनिटांत घसा जळायला लागला, उचक्या सुरू, पोटात ढवळायला लागलं. चार दिवस असं केलं आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं, सगळ्यांना सांगत सुटलो की गमचा काही उपयोग नाही. तो कंपन्यांचे धंदे म्हणणारा दुसरा पत्रलेखक म्हणजे तेव्हाचा मीच.

ती गम चघळायची नसतेच. हळूहळू चावायची, जीभ चुरचुरली किंवा तिखटसर चव आली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत दोन-चारदा चावायची, जागा बदलून परत गालात. असं अर्धा तास. कारण निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, थुंकीबरोबर पोटात गेलं तर बरंचसं फुकट जातं आणि वरून उचक्या. अजून एक म्हणजे तोंडात आंबटपणा असला की ते शोषलंच जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक काही नको. मी कॉफीच्या घोटाबरोबर गम खायचो! आणि ताकद. २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन येतात, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्यांना पहिली लागते त्यांना ४ ची लागते. मी दात घासायच्या आधी ओढणारा माणूस, २ ची घेऊन बसलो होतो, तीसुद्धा दिवसाला तीन, तलफ पार डोक्यात गेल्यावर. खरं तर सुरुवातीचे आठवडे दर तास-दोन तासाला एक घ्यायची असते, तलफ यायच्या आधी.

या गमची गोष्ट मजेशीर आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमध्ये पाणबुडीतल्या लोकांना आत सिगरेट ओढता येत नसे तेव्हा ते तंबाखू चघळून भागवतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं, त्यावरून ओव्ह फेर्नो नावाच्या संशोधकाने निकोटिनची गम तयार केली. म्हणजे धूर काढून घ्यायचा आणि निकोटिन तेवढं ठेवायचं. लोकांना हेच पटत नाही, म्हणतात अहो हे तर विषाला विष. पण मायकेल रसेल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे. व्यसन निकोटिन लावतं, पण कॅन्सर करणारी आणि छातीची चाळण करणारी घाण धुरात असते, त्यात ७००० च्या वर रसायनं आहेत. निकोटिन अगदी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, लहान मुलांच्या हाती गम-पट्टी लागू देऊ नये आणि गरोदर बाई किंवा हार्टचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पण दिवसाला सोळा सिगरेटी बिनदिक्कत ओढणारा माणूस गमच्या साईड इफेक्टला घाबरतो तेव्हा हसावं का रडावं कळत नाही.

पट्टीचं वेगळं. सकाळी दंडावर लावायची, दिवसभर सावकाश निकोटिन सोडत राहते, २१ पासून सुरू करून १४ आणि मग ७ मिलिग्रॅम असं काही आठवड्यांत खाली यायचं, जागा रोज बदलायची नाहीतर कातडी लाल होते. रात्री लावून झोपलं तर भन्नाट स्वप्नं पडतात, तसं झालं तर झोपताना काढून ठेवायची. पण पट्टी संथ, अचानक आलेल्या तलफेला ती पुरत नाही, आणि गम पटकन काम करते पण लवकर संपते. म्हणून दोन्ही एकत्र, खाली पट्टी चालू आणि वरून तलफ आली की गम, हे एकट्या पट्टीपेक्षा जास्त लागू पडतं असं अभ्यासात परत परत दिसलंय. नुसत्या एका प्रकारानेसुद्धा काहीच न घेण्यापेक्षा टिकण्याची शक्यता जवळजवळ दीडपट होते. हे आकडे जादूचे नाहीत. पण दीडपट म्हणजे दीडपट.

चौथ्या वेळी मी वाट सोडून भलतीकडे गेलो. ओळखीच्यांनी एका केंद्राचं नाव सांगितलं, एका सिटिंगमध्ये सुटते म्हणून. कानाला काहीतरी टोचलं, डोळे मिटायला लावून संथ आवाजात बोलले, पैसे घेतले. अकरा दिवस नाही ओढली! मला अजूनही वाटतं ते अकरा दिवस सुयांमुळे नव्हते तर मी गावभर सांगितलं होतं त्यामुळे. संमोहन आणि ॲक्युपंक्चर दोन्हींचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले गेलेत, ते खात्रीने लागू पडतात असा पुरावा सापडत नाही. कुणाला त्याने सुटली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण ‘एका सिटिंगमध्ये’ हे शब्द ऐकले की आता मी दोन पावलं मागे सरकतो. तसेच हर्बल सिगरेटवाले, तंबाखू नाही म्हणतात, अहो पण जळतंय ना काहीतरी, धूर आहे म्हणजे टार आहे आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायूही आहे.

ई-सिगरेटबद्दल भांडणं चालू आहेत, कित्येक देशांत तर बंदीच आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या अभ्यासात वर्षानंतर ई-सिगरेटवाल्यांतले १८ टक्के सिगरेटपासून लांब होते आणि गम-पट्टीवाल्यांतले ९.९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण सुटलेल्या त्या ई-सिगरेटवाल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगरेट ओढतच होते. याला अर्धी सुटली म्हणायचं का नवीन लागली म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि ज्या पोराने आयुष्यात सिगरेट ओढली नाही त्याच्या हातात ती गेली तर ते सोडण्याचं साधन नाहीच, ते धरण्याचं साधन आहे.

आता पाचवी वेळ. खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो, सिगरेटसाठी नाही. बाईंनी एकदाही ‘सोडा’ म्हटलं नाही. विचारलं, उठल्यावर पहिली किती वेळात ओढता? मी म्हटलं, पाच मिनिटं. मग एका छोट्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, कार्बन मोनॉक्साईड मोजायचं, आकडा आला २४. मग विचारलं, आधी किती वेळा सोडलीत आणि कशाने? मी ही सगळी रामकहाणी सांगितली, मला वाटलं आता लेक्चर मिळणार. तर म्हणाल्या, म्हणजे चार वेळा प्रॅक्टिस झालीये, चांगलं आहे. त्या एका वाक्याने जेवढं काम केलं तेवढं इतक्या वर्षांत सिगरेटच्या पाकिटावरच्या भयानक फोटोंनी केलं नव्हतं.

गोळी दिली व्हॅरेनिक्लिन. ती मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं त्याच खुर्चीवर जाऊन बसते. थोडंसं समाधान देते म्हणून तलफ कमी होते, आणि खुर्ची अडवून ठेवते म्हणून वरून सिगरेट ओढली तरी मजा येत नाही. गोळी सुरू करायची आणि सोडायची तारीख त्यानंतर आठवड्याने ठेवायची. त्या आठवड्यात मला ओढायची परवानगी होती, चौथ्या-पाचव्या दिवशी पेटवलेली सिगरेट मी अर्धी टाकली, आयुष्यात पहिल्यांदा. कागद जाळल्यासारखी चव. एकूण बारा आठवडे घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, जेवून वर भरपूर पाणी पिऊन घेतली की बरं. स्वप्नं इथेही पडतात, मी तर स्वप्नात पकडला जायचो, हातात सिगरेट आणि समोर बायको.

या गोळीने डोकं फिरतं, आत्महत्येचे विचार येतात असं तुम्ही कुठे वाचलं असेल. २००९ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल पाकिटावर कडक सूचना छापायला लावली होती हे खरं आहे. पण मग ८००० च्या वर लोकांवर, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले, मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये आला, त्यात खोट्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा असा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही आणि त्याच वर्षी ती सूचना काढली गेली. तरी ज्यांना डिप्रेशन वगैरे आहे त्यांनी डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. सूचना आली ती सगळ्यांनी ऐकली, निघून गेली ती कुणाच्या कानावर नाही.

या गोळीची आजी म्हणजे सायटिसिन. लॅबर्नम नावाचं पिवळ्या घोसांचं एक झाड असतं त्याच्या बियांतलं द्रव्य. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या मिळतात, २५ दिवसांचा कोर्स, पूर्व युरोपात लोक वर्षानुवर्षं घेत होते आणि बाकीच्या जगाला पत्ताच नव्हता. २०१४ मध्ये न्यूझीलंडमध्ये १३१० लोकांवर करून बघितलं तर गम-पट्टीपेक्षा ते सरस निघालं. तिसरं औषध बुप्रोपिऑन, मूळ डिप्रेशनचं, ते घेणाऱ्या लोकांची सिगरेटवरची वासना कमी होते असं दिसलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत सिगरेट सोडण्यासाठी मंजूर झालं, फिट येणाऱ्यांना मात्र चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांची पहिलीवहिली मार्गदर्शिका काढली त्यात निकोटिनच्या गम-पट्ट्यांबरोबर ही तिन्ही औषधं आहेत, आणि त्याच्या जोडीला माणसाशी बोलणं, फोनवरची मदत, मेसेज, ॲप. कंपन्यांना पैसे मिळतात यात वादच नाही. सिगरेट कंपनीला २३ वर्षं दिले ते कुठल्या खात्यात धरायचे मग?

गोळीने तलफ मारली पण हात मोकळे राहिले ना. हा दुसरा अर्धा भाग, यावर कुणी बोलत नाही. बाईंनी सोडायच्या आधीच्या आठवड्यात एक वही करायला लावली, प्रत्येक सिगरेटच्या पुढे वेळ, कुठे, कुणाबरोबर आणि गरज किती ते पाचपैकी. वाचल्यावर मीच थक्क. सोळातल्या फक्त पाच-सहा खऱ्या तलफेच्या होत्या, बाकीच्या फोन आला म्हणून, जेवण झालं म्हणून, मीटिंग संपली म्हणून, ऑफिसातला जोडीदार उठला म्हणून मी उठलो. मग त्या एकेक जागी काहीतरी दुसरं बसवलं. फोन आला की बाल्कनीत न जाता आतल्या खोलीत बोलायचं. जेवल्यावर लगेच उठून भांडी घासायला घ्यायची, ओल्या हाताने सिगरेट पेटत नाही. तलफ आली की घड्याळ लावायचं, पाच मिनिटं. ती लाटेसारखी येते आणि तीन-पाच मिनिटांत उतरते, ओढा किंवा नका ओढू, आणि हे मला २३ वर्षांत कधी कळलंच नव्हतं कारण मी तिला पाच मिनिटं कधी दिलीच नव्हती.

कॉफीबद्दल एक बारीकशी पण कामाची गोष्ट. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिनचा निचरा झपाट्याने करतं. सिगरेट बंद झाली की तो वेग कमी होतो आणि तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मग हात थरथरणं, झोप उडणं, बेचैनी, आणि माणसाला वाटतं हे सिगरेट सोडल्याने होतंय. मी कॉफी निम्मी केली, दोन दिवसांत झोप आली. काही औषधांचंही असंच असतं, म्हणून नेहमीची औषधं चालू असतील तर सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना कळवावं.

दारूबद्दल तर लिहायलाच नको, माझ्या चारपैकी दोन वेळा ग्लास हातात असतानाच परत सुरू झाली होती. पहिले तीन महिने मी कुठल्याही पार्टीला गेलो नाही, मित्र रुसले, रुसू देत.

माणसांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या हजारो लोकांच्या नातेसंबंधांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला, नवरा-बायकोतल्या एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, मित्राने सोडली की ३६ टक्क्यांनी. माझी बायको ओढत नाही, पण ऑफिसातला माझा जोडीदार ओढायचा, त्याला मी सरळ सांगितलं की मला बोलवू नकोस, आणि मी मागितली तर देऊ नकोस. दुसरं वचन त्याने एकदा मोडलं. दीड महिन्यानंतरची गोष्ट, मी तीन कश घेतले. आधीच्या वेळी असं झालं की मी म्हणायचो, मोडलं ना, आता ओढूच. या वेळी बाईंचं ऐकून पुढच्या दिवशी गोळी चालू ठेवली आणि वहीत एक ओळ लिहिली, बस. पाय घसरला म्हणून कुणी जिन्यावरून खालपर्यंत गडगडत जात नाही, कठडा धरतो.

पैशांची भीती घालूनही सोडतात. फिलिपिन्समध्ये एक गंमत करून बघितली होती, सोडणाऱ्याने सहा महिने स्वतःचे पैसे खात्यात ठेवायचे, शेवटी लघवीची टेस्ट, निकोटिन सापडलं तर पैसे दानात गेले. उपयोग झाला. अमेरिकेत २०१५ मध्ये एका कंपनीच्या लोकांवर दोन्ही करून बघितलं, नुसतं बक्षीस आणि स्वतःचे पैसे पणाला लावणं. बक्षिसाला ९० टक्के लोक तयार, पैसे लावायला १४ टक्केही नाहीत! त्यामुळे एकूणात बक्षीसवाल्यांतले जवळजवळ १६ टक्के सहा महिन्यांनी टिकले, पैसे लावायच्या गटातले १० आणि ज्यांना नेहमीचीच मदत दिली त्यातले ६. माणूस सगळीकडे सारखाच.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोबाईलवर येणारे मेसेज. ब्रिटनमध्ये ५८०० लोकांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये आला, ज्यांना सोडण्याबद्दल धीर देणारे मेसेज येत होते त्यातले १०.७ टक्के सहा महिन्यांनी टिकले आणि ज्यांना नुसते इकडतिकडचे मेसेज येत होते त्यातले ४.९. हे थुंकी तपासून ठरवलेलं, नुसतं सांगण्यावरून नाही. इतक्या साध्या गोष्टीने दुप्पट.

वजन वाढतं हे लपवू नका. सरासरी वर्षभरात चार-पाच किलो वाढतं, माझं सहा वाढलं, त्यातलं तीन उतरलं, तीन आहे. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर लोक आरशात बघून परत पेटवतात.

त्या पानावर अजून एका आजोबांचं दोन ओळींचं पत्र होतं की आता साठीला काय सोडायची, जे व्हायचं ते झालं. आजोबा, ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टर लोकांवरच पन्नास वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झालाय, त्यात ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं लवकर गेले. पण तिशीत सोडली तर ती दहाच्या दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीला तीन. तीन वर्षं काय थोडी असतात का, नातवंडं केवढी मोठी होतात तेवढ्यात. आणि डॉक्टर बाईंच्या त्या मशीनमध्ये मी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी परत फुंकलं तेव्हा २४ चे ३ झाले होते, त्यासाठी तीन वर्षं थांबावं लागलं नव्हतं.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच. ३१ मे, तंबाखूविरोधी दिन, आला की दरवर्षी तुम्ही काळ्या फुप्फुसाचा फोटो छापता, तो आम्ही ओढणारे पान उलटून पुढे जातो, तुम्हाला वाटतं आम्ही बघतो. पुढच्या वेळी त्या जागेत गम कशी खायची ते छापा. चावायची कधी, थांबायचं कधी, गालात किती वेळ, कॉफी का नको, २ ची कुणाला आणि ४ ची कुणाला. चौकोन छोटा चालेल.

आणि ते पहिलं पत्र लिहिणारे गृहस्थ, ज्यांनी एका सकाळी पाकीट चुरगाळलं, त्यांना राग येणार नसेल तर माझ्यातर्फे एक विचारा. ती सकाळ कितवी होती?

आपला,
सहा वर्षांपासून न ओढणारा एक वाचक